हंगाम संपल्यावर बेसबॉल संघाची बांधणी कशी करावी : सांगलीच्या वहीतला हिशेब

२०२३ च्या फेब्रुवारीत महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधना यांच्यावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली आणि ती त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली ठरली. तेव्हापासून आमच्याकडे संघबांधणीचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे लिलावाचे टेबलच येते. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हिवाळी कारभार समजून घ्यायचा असेल, तर ते टेबल आधी दूर सारावे लागते. तिथे हातातली पाटी उंचावून बोली लावली जात नाही, सर्व संघांच्या थैलीत सारखे पैसे नसतात, आणि ठरावीक वर्षांनी संघ मोडून नव्याने मांडण्याची पद्धतही नाही. तीस संघ आहेत, प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि जागतिक मालिका (हंगामाची अंतिम लढत) आटोपल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून पुढच्या वर्षाची देवघेव सुरू होते.

विश्रामबागेतले आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षे हा उद्योग कागदावर करतो. जागतिक मालिकेचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे चहाबरोबर सामना आणि सामन्याबरोबर वाद हे ओघाने आलेच. मालिका संपली की प्रत्येकाने एक संघ वाटून घ्यायचा, त्याच्या हिवाळ्याचा आराखडा फुलस्केपवर लिहायचा आणि फेब्रुवारीत सराव शिबिरे सुरू झाली की संघाने प्रत्यक्षात काय केले त्याच्याशी तो ताडून पाहायचा. अशा आराखड्यांत नवख्याची एक चूक हमखास दिसते : तो पहिल्या ओळीत ‘कोणाला आणायचे’ हे लिहितो. खरे तर या खेळात खेळाडू विकला जात नाही, त्याची वर्षे विकली जातात. कोणाची किती वर्षे आपल्या हातात आहेत आणि ती कोणत्या दराने आहेत, हे लिहून होईपर्यंत दुसरे काहीही लिहू नये.

वर्षांची वही

खेळाडूचा सेवाकाल दिवसांनी मोजला जातो. हंगाम सुमारे १८७ दिवसांचा असतो, पण मुख्य संघाच्या पटावर १७२ दिवस भरले की एक वर्ष पूर्ण झाल्याचे धरले जाते. नोंद ३.०४५ अशी असते आणि तिचा अर्थ तीन वर्षे पंचेचाळीस दिवस असा होतो. ही दशांशातली संख्या नव्हे, ३.१७१ नंतर थेट ४.००० येते. आयुष्यभर रुपये-पैसे लिहिलेला माणूस इथे पहिल्या दिवशी हमखास चुकतो.

या एका आकड्यावर पुढचे सगळे ठरते. साधारण पहिली तीन वर्षे खेळाडूला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात. २०२६ साठी हे किमान वेतन ७ लाख ८० हजार डॉलर आहे. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान त्याला लवादाकडे जाण्याचा हक्क मिळतो, आणि दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान असलेल्यांपैकी सर्वाधिक दिवस भरलेल्या २२ टक्क्यांना तो एक वर्ष आधीच मिळतो. सहा वर्षे झाली आणि करार संपला की खेळाडू कोणत्याही संघाकडे जायला मुक्त. लवादाची रीत आपल्याकडच्या तडजोडीपेक्षा फार वेगळी आहे. संघ एक आकडा देतो, खेळाडू दुसरा देतो, आणि लवाद त्या दोहोंपैकी एकच निवडतो; मधला आकडा काढून दोघांची समजूत घालण्याची मुभा त्याला नसते. म्हणून दोन्ही बाजू आकडा देताना हात राखून देतात आणि बहुतेक प्रकरणे सुनावणीआधीच मिटतात.

दिवसांचे मोल किती, हे २०१५ मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटच्या बाबतीत दिसले. त्याला हंगामाच्या सुरुवातीला थोडे थांबवून मग वर बोलावण्यात आले आणि वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले. त्या एका दिवसामुळे संघाला त्याचे आणखी एक वर्ष मिळाले. त्याने त्यावर दाद मागितली, पण निकाल त्याच्या विरोधात गेला. नैतिकदृष्ट्या हे मला पटत नाही, मात्र आराखडा लिहिताना हा स्तंभ कोरा ठेवता येत नाही.

वहीत प्रत्येक खेळाडूपुढे सहा गोष्टी लिहाव्यात : वय, सेवाकाल, पुढच्या वर्षाचा पगार किंवा लवादाचा अंदाज, हातातली उरलेली वर्षे, उरलेले ऑप्शन आणि ट्रेड (संघासंघांतली खेळाडूंची अदलाबदल) नाकारण्याचा हक्क. ऑप्शन म्हणजे वेव्हरच्या (इतर संघांना आधी देऊ करण्याच्या) फेऱ्यातून न काढता खेळाडूला खालच्या संघात पाठवता येण्याची वर्षे. ती साधारण तीन असतात. ऑप्शन संपलेला खेळाडू खाली पाठवायचा तर इतर संघांना तो उचलण्याची संधी आधी द्यावी लागते, म्हणजे तो हातचा जाण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. नकाराचा हक्क काहींना करारातून मिळतो, आणि ज्याची एकूण दहा वर्षे झाली असून शेवटची पाच याच संघात गेली आहेत त्याला तो नियमानेच मिळतो. अशा खेळाडूला परस्पर ट्रेडमध्ये घालून पान भरणारे आराखडे दर वर्षी दिसतात.

चाळिसांचा पट

मैदानात उतरणारा संघ २६ जणांचा असतो आणि त्यात पिचर (चेंडू टाकणारे) १३ पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. हिवाळ्यात मात्र खरी ओढाताण चाळीस जणांच्या पटावर, म्हणजे मुख्य संघासाठी राखलेल्यांच्या यादीत, होते. द्राक्षाच्या वेलीवर घड जास्त दिसले म्हणून सगळेच ठेवले तर एकही धड भरत नाही, हे आमच्याकडे सांगावे लागत नाही. पटाची विरळणीही तशीच हात आवरता न घेता करावी लागते.

पहिल्याच वर्षी माझी फजिती इथे झाली. मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की पटावर ३७ जण आहेत, म्हणजे तीन जागा मोकळ्या आहेत, आणि त्या तिन्हींवर मी नवे खेळाडू बसवले होते. कागद वाचून आमच्यातले एक निवृत्त शिक्षक एवढेच म्हणाले, “अहो, दवाखान्यातले पाच जण घरी कधी येणार?” साठ दिवसांच्या जखमी यादीतले खेळाडू हंगामात चाळिसांत मोजले जात नाहीत, पण जागतिक मालिका संपल्यावर पाच दिवसांत त्यांना पटावर परत घ्यावे लागते. ३७ आणि ५ मिळून ४२ झाले. म्हणजे तीन जागा मोकळ्या असण्याऐवजी मलाच दोघांना काढायचे होते. मुक्त होणाऱ्यांची नावे त्याच सुमारास पटावरून उतरतात, म्हणून वजाबाकी आणि बेरीज दोन्ही एकाच बैठकीत करावी.

त्यानंतर नोव्हेंबरच्या मध्याला ‘रूल फाइव्ह’चा प्रश्न येतो. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेला होतकरू खेळाडू पाच हंगामांत, आणि एकोणिसाव्या वर्षी किंवा नंतर आलेला चार हंगामांत चाळिसांच्या पटावर घेतला गेला नाही, तर डिसेंबरच्या निवडीत दुसरा कोणताही संघ त्याला १ लाख डॉलर देऊन उचलू शकतो. उचलणाऱ्यावर अट अशी की पुढचा संपूर्ण हंगाम त्याला मुख्य संघातच ठेवायचे, नाहीतर ५० हजार डॉलरांत परत देऊ करायचे. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने न राखलेला रोबेर्तो क्लेमेंते पिट्सबर्ग पायरेट्सने याच मार्गाने नेला आणि पुढे त्याने त्यांच्यासाठी ३००० हिट (बेस मिळवून देणारे फटके) केले. अर्थात अशी उदाहरणे विरळाच. ज्याला पूर्ण हंगाम २६ जणांत सांभाळणे कोणालाच परवडणार नाही, अशा वीस-एकवीस वर्षांच्या कच्च्या खेळाडूला न राखण्याचा धोका पत्करता येतो. वरच्या पातळीवर तयार झालेल्या पिचरच्या बाबतीत तो पत्करू नये.

त्याच आठवड्याच्या आगेमागे लवादपात्र खेळाडूंना करार देऊ करायचा की सोडायचे, हेही ठरवावे लागते. इथे प्रश्न ‘तो चांगला आहे का’ असा नसून ‘लवादातल्या अंदाजित पगाराला तो बाहेर मिळेल का’ असा विचारावा.

पैसा दोन वह्यांत लिहावा

मालकाने ठरवलेले अंदाजपत्रक ही एक वही आणि लीगच्या कराची दुसरी. बेसबॉलमध्ये पगारावर कडक कमाल मर्यादा नाही, पण ठरलेल्या रकमेच्या वर गेल्यास कर भरावा लागतो. ही रेषा २०२५ साठी २४ कोटी १० लाख आणि २०२६ साठी २४ कोटी ४० लाख डॉलर आहे. पहिल्या वर्षी ओलांडणाऱ्याला वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के. फार वर गेल्यास अधिभार वेगळा, आणि ४ कोटींहून अधिक ओलांडल्यास नव्या खेळाडूंच्या निवडीतला पहिला क्रमांक दहा जागा खाली जातो.

करासाठी त्या वर्षी हातात पडणारा पगार धरत नाहीत; कराराची वार्षिक सरासरी धरतात. समजा चार वर्षांचा करार अनुक्रमे १ कोटी, १ कोटी ४० लाख, १ कोटी ८० लाख आणि २ कोटी २० लाख असा आहे. पहिल्या वर्षी मालकाच्या वहीत १ कोटी जातील, पण कराच्या वहीत चारही वर्षे १ कोटी ६० लाखच लागतील. शोहेई ओहतानीने डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरांचा करार केला, पण त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे असल्यामुळे कराच्या वहीत त्याची वार्षिक नोंद सुमारे ४ कोटी ६० लाखांची होते, ७ कोटींची नव्हे. कराच्या बेरजेत चाळीसही जणांचा पगार आणि खेळाडूंच्या लाभांचा वाटा मिळवायचा असतो. सव्विसांवर थांबणारी बेरीज कमीच भरते.

आपला स्वतःचा खेळाडू मुक्त होत असेल तर त्याला क्वालिफाइंग ऑफर द्यायची का, हेही याच वहीत ठरते. ही एका वर्षाची रक्कम सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंच्या सरासरीइतकी असते. २०२५ च्या अखेरीस ती २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर होती. खेळाडूने नाकारली आणि तो दुसरीकडे गेला तर आपल्याला भरपाई म्हणून निवडीतला एक क्रमांक मिळतो. स्वीकारली तर पैसे मात्र द्यावेच लागतात. म्हणून ‘नाकारेलच’ असे धरून ऑफर देऊ नये; स्वीकारली तरी चालेल अशालाच द्यावी.

संघ नेमका किती चांगला होता

खरेदीआधी गेल्या वर्षाचा आकडा पारखून घ्यावा. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेले सूत्र सोपे आहे : काढलेल्या धावांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ७५० धावा काढून ७०० दिल्या तर उत्तर ०.५३४ येते, म्हणजे १६२ पैकी सुमारे ८७ विजय. ढोबळ मानाने दहा धावांना एक विजय पडतो. दुसरे टोक असे की केवळ सहज मिळणाऱ्या, किमान वेतनाच्या बदली खेळाडूंचा संघ सुमारे ४८ सामने जिंकेल असे धरतात. नव्वद जिंकायचे असतील तर उरलेले ४२ विजय कोणकोणत्या जागांवरून येणार, हे जागेगणिक लिहून काढावे. असे लिहिले की लक्षात येते, भोक बुजवणे हे शिखर उंच करण्यापेक्षा स्वस्त पडते : सुमार खेळाडूच्या जागी मध्यम खेळाडू आणला तरी दोन विजय वाढतात, आणि चांगल्याच्या जागी सर्वोत्तम आणून तेवढेच दोन मिळवायला अनेक पट मोजावे लागतात.

सॅन दिएगोचा एक हिवाळा

हे सगळे एकत्र कसे बसते ते पाहण्यासाठी मी नव्या माणसाला नेहमी सॅन दिएगो पाद्रेसचा २०२३-२४ चा हिवाळा सोडवायला देतो. २०२३ मध्ये या संघाने ८२ सामने जिंकले आणि ८० हरले, म्हणजे वरवर पाहता मध्यम संघ. पण त्यांनी ७५२ धावा काढल्या होत्या आणि ६४८ दिल्या होत्या. सूत्राने ९२-९३ विजय निघतात. एका धावेच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत ते ९ जिंकले होते आणि २३ हरले होते. एवढे वाईट नशीब दर वर्षी येत नाही, म्हणून संघ मोडायचे कारण नव्हते.

मात्र पगार कमी करणे भाग होते, आणि ब्लेक स्नेल, सेथ लुगो व मायकल वाका हे तीन सुरुवातीचे (सामना सुरू करणारे) पिचर मुक्त झाले होते. हाताशी खुआन सोतो होता, वय पंचवीस, पण त्याचे एकच वर्ष उरले होते आणि त्या वर्षाचा पगार लवादाच्या हिशेबाने ३ कोटी डॉलरांच्या घरात जाणार होता. पुढे तो ३ कोटी १० लाखांवर ठरला. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला पाद्रेसने सोतो आणि ट्रेंट ग्रिशम यांना न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवले आणि मायकल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रिटो, रँडी वास्केझ हे चार पिचर व कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) काइल हिगाशिओका यांना घेतले.

वर्षांच्या भाषेत वाचले तर एक अतिशय महाग वर्ष देऊन त्यांनी किंगची दोन स्वस्त वर्षे, ब्रिटो आणि वास्केझ यांची प्रत्येकी बरीच वर्षे आणि मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकलेला थॉर्प मिळवला. थॉर्प म्हणजे हरिपूरच्या पेवातली हळद. आमच्याकडे नदीकाठच्या जमिनीत पेवे खणून हळद साठवत, आणि भाव आला की पेव फोडत. पण २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले तेव्हा साठवलेला माल किती बेभरवशाचा असतो हेही सर्वांनी पाहिले. होतकरू पिचरचे तसेच असते, कोपराची एक शस्त्रक्रिया झाली की वर्ष-दीड वर्ष वाया. पाद्रेसने थॉर्पला फार काळ साठवला नाही. मार्च २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, त्याला आणखी तिघांसह शिकागो व्हाइट सॉक्सकडे देऊन डिलन सीझची दोन वर्षे घेतली. होतकरू खेळाडूला कधी फोडायचे याचे उत्तर इथे आहे : आपल्या मुख्य खेळाडूंची वर्षे आणि त्याचे पिकणे यांचा मेळ बसत नसेल तेव्हा.

ग्रिशम गेल्याने मध्य आउटफील्ड (मैदानाचा मागचा मधला भाग) उघडे पडले होते. तिथे त्यांनी वीस वर्षांच्या जॅक्सन मेरिलला आणले, जो मूळचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता. सोतोच्या डाव्या आउटफील्डमध्ये हुरिकसन प्रोफार आला, फेब्रुवारीत केलेल्या १० लाख डॉलरांच्या करारावर. दोघांनीही २०२४ मध्ये प्रत्येकी २४ होमरन मारले आणि दोघेही ऑल-स्टार झाले, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. इतके दोन्ही फासे पडतील असे कोणीच धरू नये, पण मोठी खरेदी संपल्यावर फेब्रुवारीपर्यंत शिल्लक राहिलेल्या अनुभवी खेळाडूंकडे लक्ष ठेवावे, हे यातून नक्की घ्यावे. किंगने तीन स्ट्राइकवर २०१ फलंदाज बाद केले, सीझने जुलैत नो-हिटर (एकही हिट न दिलेला सामना) टाकला आणि संघ ९३ सामने जिंकला.

मग यांकीजने चूक केली का? त्यांनीही २०२३ मध्ये ८२ च सामने जिंकले होते. सोतोच्या ४१ होमरनांसह २०२४ मध्ये ते ९४ जिंकून जागतिक मालिकेत पोहोचले आणि डॉजर्सकडून हरले. त्यानंतर सोतो मुक्त झाला आणि न्यूयॉर्क मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. ज्याला यंदाच जिंकायचे आहे त्याला एका वर्षाची किंमत जास्त वाटते, ज्याला पैसा आणि पिचर दोन्ही हवेत त्याला चार जणांची वर्षे; म्हणूनच सौदा होतो. समोरच्याची निकड न लिहिता केलेला ट्रेडचा प्रस्ताव म्हणजे नुसती मागणी. आमच्या मंडळात नियम असा आहे की प्रस्ताव मांडणाऱ्याने आधी समोरच्या संघाच्या बाजूने तो स्वीकारण्याचे कारण सांगावे, आणि ते सांगता आले नाही तर कागद खिशात घालावा.

सही होईपर्यंत

तोंडी ठरले म्हणजे झाले असे नाही, वैद्यकीय तपासणी बाकी असते. २०२२ च्या डिसेंबरात कार्लोस कोरेयाचा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी १३ वर्षे ३५ कोटींचा करार ठरला आणि तपासणीवरून अडला. मग मेट्सशी १२ वर्षे ३१ कोटी ५० लाखांचा ठरला, तोही अडला. अखेर जानेवारीत तो मिनेसोटा ट्विन्सकडे ६ वर्षांच्या २० कोटींवर परतला. म्हणून मोठ्या नावापुढे दुसरा पर्याय लिहिलेला असावा. त्याचप्रमाणे सुरुवातीचे पिचर पाच लागतात म्हणून पाचच मोजू नयेत. १६२ सामन्यांत दुखापती होतातच, तेव्हा आठ-नऊ नावे हवीत आणि त्यांतल्या निदान तिघांचे ऑप्शन शिल्लक असावेत, म्हणजे गरज नसेल तेव्हा त्यांना खाली ठेवता येते.

शेवटी आराखड्याच्या डाव्या समासात आलेल्या प्रत्येक नव्या नावासमोर उजव्या समासात पटावरून उतरणारे नाव लिहावे. आमच्याकडे हा स्तंभ भरताना बैठक सर्वांत जास्त लांबते, कारण तोपर्यंत त्या विसाव्या-पंचविसाव्या पिचरशीही प्रत्येकाची थोडीफार ओळख झालेली असते.